तारणवाला आधी, उधारीवाला शेवटी

मुंबई-पुणे जुन्या महामार्गाने पनवेल मागे टाकून खोपोलीकडे निघालेल्या प्रवाशाला चौकच्या परिसरात लोधिवली हे गाव लागते. एका अंगाला पाताळगंगेचे औद्योगिक क्षेत्र आणि रसायनी, दुसऱ्या अंगाला कर्जतकडे जाणारा रस्ता, असे हे ठिकाण आहे. खालापूर तालुक्याच्या या पट्ट्यात भाताच्या खाचरांची बरीच जागा गेल्या साठ वर्षांत कारखान्यांनी घेतली आणि कारखान्यांच्या आधाराने लहान लहान धंदे उभे राहिले. लेथवाले, वेल्डिंगवाले, टेम्पोवाले, रंगारी, सुतार, कँटीनला भाजी आणि कारखान्याला मजूर पुरवणारे अशी ही दुनिया आहे. ती रोखीवर चालत नाही; उधारीवर चालते. माल आज जातो, बिल महिन्याने ‘पास’ होते आणि पैसे केव्हा येतील हे खरेदीदाराच्या सवडीवर असते. या उधारीच्या मागे कायदा कितपत उभा आहे, हा प्रश्न लोधिवलीत दररोज कोणाला ना कोणाला पडतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. चौकजवळच घडलेल्या एका घटनेपासून सुरुवात करता येते.

नितीन चंद्रकांत देसाई या नामवंत कलादिग्दर्शकाने 2005 मध्ये चौकजवळ एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’चे भव्य देखावे याच ठिकाणी उभे राहिले. कलादिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार चार वेळा मिळवलेल्या या माणसाच्या कंपनीने 2016 आणि 2018 मध्ये ईसीएल फायनान्स या बिगरबँक वित्तसंस्थेकडून दोन कर्जे घेतली. ती मिळून सुमारे 185 कोटी रुपयांची होती आणि जमीन तारण होती. जानेवारी 2020 पासून हप्ते चुकू लागले. त्यानंतर महामारीने चित्रीकरण बंद पडले आणि मे 2021 मध्ये स्टुडिओत आग लागली. जून 2022 अखेर थकबाकीचा आकडा 252 कोटींवर गेला होता. 25 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने कंपनीविरुद्धचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला. त्यावरचे अपील 1 ऑगस्टला फेटाळले गेले. 2 ऑगस्टला देसाई यांनी आपल्या स्टुडिओतच जीवन संपवले. पुढे त्याच दिवाळखोरी प्रक्रियेतून हा स्टुडिओ राज्य शासनाच्या चित्रपट महामंडळाकडे आला.

या घटनेने सारा महाराष्ट्र हळहळला. हळहळ स्वाभाविक होती. परंतु तिच्या भरात एक साधा प्रश्न मागे राहिला. कायद्याने येथे नेमके काय केले? आरोप-प्रत्यारोप बाजूला ठेवून पाहिले तर असे दिसते की, तारण घेतलेल्या धनकोला कायदा जी साधने देतो, ती येथे एकामागून एक वापरली गेली.

ही साधने सुशिक्षित वर्गालाही नीट माहीत नसतात. कर्जाचा हप्ता 90 दिवस थकला की ते खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर 2002 च्या ‘सरफेसी’ कायद्याने बँक किंवा पात्र वित्तसंस्था ऋणकोला 60 दिवसांची नोटीस देते. ऋणकोने हरकत घेतली तर तिला 15 दिवसांत उत्तर द्यावे लागते. तेवढ्याने भागले नाही तर धनको दिवाणी दावा न लावता तारण मालमत्तेचा ताबा घेऊ शकतो आणि त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याची मदत मागू शकतो. ऋणकोला दाद मागायची असेल तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जावे लागते. शेतजमीन या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे, ही कोकणातल्या वाचकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट. दुसरे साधन 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचे. वित्तीय धनकोने कर्ज आहे आणि ते थकले आहे एवढे दाखवले की कंपनीचा कारभार संचालकांच्या हातून जातो. पुण्याच्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये हेच स्पष्ट केले. 2022 मध्ये विदर्भ इंडस्ट्रीज पॉवरच्या प्रकरणात मात्र न्यायाधिकरणाला काही तारतम्य वापरता येईल, असे म्हटले गेले. दोन्ही खटले महाराष्ट्रातल्या कंपन्यांचे आहेत, हा योगायोग सोडून देऊ.

हे कायदे जुलमी आहेत काय? तसे म्हणता येणार नाही. वित्तसंस्था जो पैसा कर्जाऊ देते तो अखेर कोणाच्या तरी ठेवीतून किंवा रोख्यांतून आलेला असतो. वसुलीच झाली नाही तर काय होते, हे रायगड जिल्ह्याला शिकवण्याची गरज नाही. 2010 मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा निवृत्तांच्या आणि शेतकऱ्यांच्या ठेवी अडकल्या. 2021 मध्ये पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला. कर्ज बुडते तेव्हा त्यात ठेवीदार बुडतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना तारणाचा कायदा कठोर वाटणार नाही. आक्षेप आहे तो वेगळा. तारणवाल्या धनकोसाठी कायद्याचा रस्ता डांबरी आणि उधारीवाल्यासाठी मात्र तो पायवाटेचा, हा तो आक्षेप.

उधारीवाला म्हणजे कोण? समजा, लोधिवलीतील एखाद्या लेथवाल्याने पाताळगंगेतील कारखान्याला 8 लाख रुपयांचे सुटे भाग बनवून दिले. पोलाद त्याने रोखीने आणले, दोन कारागिरांना पगार दिला, विजेचे बिल भरले. ज्या क्षणी माल कारखान्याच्या फाटकातून आत गेला त्या क्षणी तो लेथवाला धनको झाला आणि कोट्यवधींची उलाढाल करणारा कारखाना त्याचा ऋणको झाला. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हेही कर्जच. फरक इतकाच की या धनकोने तारण घेतलेले नाही, व्याजाचा दर ठरवलेला नाही, आणि बहुधा लेखी करारही केलेला नाही. त्याच्याजवळ खरेदी-आदेशाचा कागद असतो, पोचपावती असते आणि कारखान्याच्या लेखाविभागातील एखाद्या कारकुनाशी ओळख असते.

आता हाच कारखाना नादार झाला असे धरा. दिवाळखोरी संहिता या लेथवाल्याला ‘परिचालन धनको’ म्हणते. नाव मोठे, लक्षण मात्र खोटे आहे. कंपनीचे भवितव्य ठरवणाऱ्या धनको-समितीत त्याला मत नाही. कंपनी मोडीत निघाली तर संहितेच्या 53 व्या कलमाप्रमाणे पैसे वाटले जातात. प्रथम प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची 24 महिन्यांपर्यंतची देणी आणि तारणवाले धनको, मग इतर कर्मचाऱ्यांचे 12 महिन्यांचे वेतन, मग विनातारण वित्तीय कर्जे, मग सरकारी देणी असा हा क्रम आहे. भागधारकांच्या वरची, म्हणजे जवळजवळ अखेरची पायरी लेथवाल्याची. तिथपर्यंत पैसा क्वचितच पोचतो. आणि त्याने स्वतः होऊन अर्ज करायचे ठरवले तर? अर्जासाठी थकबाकीची किमान मर्यादा 24 मार्च 2020 रोजी एका लाखावरून एक कोटीवर नेण्यात आली. महामारीच्या काळात लहान कंपन्यांना संरक्षण मिळावे हा त्यामागचा हेतू होता. त्याच निर्णयाने 8 लाखांच्या धनकोला दारातच अडवले.

कारखाना सरकारी असला म्हणजे भीती नाही, असे मानण्याचे दिवसही गेले. रसायनीचा हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स हा 1960 मध्ये स्थापन झालेला केंद्र सरकारचा उपक्रम या परिसराचा कणा होता. मे 2017 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तेथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला. अवकाश संशोधन संस्थेला लागणाऱ्या एका रसायनाचा प्रकल्प तेवढा वगळला. 442 एकर जमीन भारत पेट्रोलियमला 618.80 कोटी रुपयांना विकून कामगारांची थकबाकी आणि इतर देणी भागवावयाची, असे ठरले. जमीन होती म्हणून देणी भागवण्याची वाट तरी निघाली. खाजगी कारखान्याची जमीन आधीच बँकेकडे गहाण असते, हे येथे ध्यानात घ्यायला हवे.

लहान पुरवठादाराचा हा दुबळेपणा कायदेमंडळाला दिसला नाही असे नाही. 1992 मध्ये एक अध्यादेश निघाला आणि 1993 मध्ये विलंबित देयकांवरील व्याजाचा कायदा झाला. त्याची जागा पुढे सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, 2006 ने घेतली. या कायद्याचे 15 ते 24 ही कलमे प्रत्येक वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पाठ करावीत अशी आहेत. सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने लेखी कराराप्रमाणे पैसे दिले पाहिजेत. पण करारात काहीही लिहिलेले असो, ही मुदत 45 दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. करार नसेल तर 15 दिवस. मुदत उलटली की बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. बँकदर साडेपाच टक्के धरला तर हे व्याज साडेसोळा टक्के पडते. 8 लाखांवर वर्षाचे सुमारे 1 लाख 42 हजार रुपये. खरेदीदाराने दिले नाहीत तर उपक्रम सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. रायगडसाठी कोकण विभागाची परिषद आहे. परिषद आधी समेट घडवण्याचा प्रयत्न करते, तो फसला तर लवाद होतो, आणि कायद्याने हे सारे 90 दिवसांत संपायला हवे. निवाड्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या खरेदीदाराला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. सावकारीच्या इतिहासात चक्रवाढ व्याज हे गरिबाच्या गळ्यातले लोढणे होते. येथे कायद्याने तेच हत्यार गरिबाच्या हाती दिले आहे, ही गंमतीची गोष्ट म्हणावी लागेल.

हत्यार दिले, पण ते उचलायचे कोणी? परिषदेकडे अर्ज केला की पुढचा खरेदी-आदेश दुसऱ्याला जाईल, हे लेथवाला जाणतो. त्याचे सत्तर टक्के काम एकाच कारखान्याचे असेल तर 8 लाखांसाठी तो ते गिऱ्हाईक गमावणार नाही. म्हणून तक्रारी येतात त्या बहुधा संबंध तुटल्यावर, आणि तोवर उशीर झालेला असतो. दाव्याची मुदत तीन वर्षांची. नागपूरच्या सोनाली पॉवर इक्विपमेंट्स आणि वीज मंडळ यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितले की मुदतबाह्य थकबाकीबद्दल परिषदेपुढे समेटाची बोलणी होऊ शकतील, पण लवाद होऊ शकणार नाही. समेटाला राजी असणारा खरेदीदार तीन वर्षे थांबला असता कशाला? नोंदणीचा घोळ वेगळाच. माल देण्यापूर्वी नोंदणी झालेली हवी, असे 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. जानेवारी 2025 मध्ये हा मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. शहाण्या धंदेवाल्याने या वादाची वाट न पाहता ‘उद्यम’ नोंदणी आधीच करून ठेवावी. दुकानदार आणि घाऊक व्यापारी यांना मात्र नोंदणीचाही उपयोग नाही. 2021 मध्ये त्यांना उपक्रमांच्या यादीत घेतले ते केवळ बँकांच्या अग्रक्रम पतपुरवठ्यापुरते. 45 दिवसांचे संरक्षण त्यांना मिळालेले नाही.

सरकारने 2023 च्या वित्त कायद्याने प्राप्तिकराच्या बाजूने एक पाऊल टाकले, ते मात्र खरे चतुर होते. मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला, प्रत्यक्ष देईपर्यंत, खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करता येणार नाही, अशी ही तरतूद 2024-25 च्या आकारणी वर्षापासून लागू झाली. पुरवठादाराने तक्रार करावी लागत नाही. खरेदीदाराच्या करातच त्याची शिक्षा आहे. तिच्यावर व्यापाऱ्यांनी ओरड केली, मोठे खरेदीदार नोंदणी नसलेल्यांकडे वळतील अशी भीती घातली गेली. ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु तिच्यावरचा उपाय तरतूद मागे घेणे हा नसून, मध्यम उपक्रम आणि व्यापारी यांनाही तिच्यात आणणे हा आहे. सगळ्यांचीच देणी वेळेवर द्यावी लागली की वळायचे कोणाकडे?

शासनानेही आरशात पाहिलेले बरे. थकलेल्या सरकारी देयकांसाठी महाराष्ट्रातील कंत्राटदार 2025 मध्ये रस्त्यावर उतरले होते. कंत्राटदाराचे पैसे थकले की त्याच्या खालचा पोटकंत्राटदार थकतो आणि त्याच्याही खालचा वाळू-खडीवाला थकतो. उधारीची साखळी वरून गंजते.

थकलेला धंदेवाला मग कोठे जातो? प्रथम तो धनादेश मागतो. धनादेश न वटल्यास 30 दिवसांत लेखी नोटीस, पैसे देण्यासाठी 15 दिवस, त्यानंतर महिन्याच्या आत फौजदारी तक्रार, हा पराक्राम्य संलेख कायद्याच्या 138 व्या कलमाचा क्रम आहे. 2014 मध्ये दशरथ राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्याने तक्रार ऋणकोच्या बँकेच्या गावी करावी लागेल असे ठरले होते. म्हणजे कोलकात्याच्या कंपनीचा धनादेश परत आला तर लोधिवलीकराने कोलकात्याला जायचे. 2015 च्या दुरुस्तीने ही आपत्ती टळली. आता धनकोच्या स्वतःच्या बँकशाखेच्या हद्दीतले न्यायालय पुरते. तरी तारखा पडत राहतात, आणि कारागिरांचे पगार तारखेवर अवलंबून ठेवता येत नाहीत.

तेव्हा तो पतसंस्थेकडे जातो, आणि येथे या लेखाच्या वाचकाचा संबंध सुरू होतो. पतसंस्थेला जामीनदार लागतो. जामीनदार कोण? बहुधा शाळेतला शिक्षक, पंचायत समितीतला लिपिक, म्हणजे ज्याचा पगार ठरलेला आणि तारखेला होणारा, असा एखादा मेव्हणा किंवा शेजारी. ‘नुसती सही हवी’ असे म्हटले जाते आणि सही दिली जाते. 1872 च्या करार कायद्याचे 128 वे कलम सांगते की जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच आहे. आधी ऋणकोकडे जा, त्याचे घर विका, मग माझ्याकडे या, असे जामीनदाराला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्येच बँक ऑफ बिहारच्या खटल्यात ते सांगून ठेवले आहे. पतसंस्थेला तर दिवाणी दाव्याचीही गरज नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या 101 व्या कलमाखाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो, आणि पगारदारांच्या संस्थेने सभासदाकडून संमतिपत्र घेतले असेल तर 49 व्या कलमाने पगारातून परस्पर कपात होते. अशा रीतीने पाताळगंगेतील कारखान्याने न दिलेले पैसे खालापूरच्या शिक्षकाच्या पगारातून वसूल होतात. कारखान्याचे नाव त्या दाखल्यावर कोठेही नसते.

पतसंस्थेनेही नकार दिला की उरतो सावकार. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. दामदुपटीचा, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा अधिक न मागण्याचा हिंदू विधीतला जुना नियम 1946 च्या मुंबई सावकारी कायद्यातही उतरला. त्या जागी आलेला 2014 चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा बराच कडक आहे. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शासनाने 2014 मध्ये ठरवलेले कमाल दर शेतकऱ्यांना तारणावर 9 व विनातारण 12 टक्के, इतरांना 15 व 18 टक्के असे आहेत. सावकारीतून 15 वर्षांच्या आत गिळलेली जमीन किंवा घर जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून परत मिळवता येते. महिना पाच टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला साठ टक्क्यांनी पैसे घेणाऱ्याला हे दर सांगितले तर तो हसेल. कारण त्याने कोऱ्या मुद्रांकावर सही आधीच दिलेली असते.

करावयास काय हवे, हे फारसे गूढ नाही. 45 दिवसांनंतरचे व्याज पुरवठादाराने मागण्याची वाट न पाहता खरेदीदाराच्या हिशोबात आपोआप जमा झाले पाहिजे. 2006 च्या कायद्याचे 22 वे कलम थकित रक्कम आणि व्याज वार्षिक हिशोबपत्रकात दाखवावयास सांगतेच. लेखापरीक्षकांनी पुरवठादारांकडून पडताळा घेतल्याशिवाय त्या आकड्यावर सही करू नये. 250 कोटींवर उलाढाल असणाऱ्या कंपन्यांना 31 मार्च 2025 पर्यंत बिल-वटणावळीच्या ‘ट्रेड्स’ मंचावर नोंदणी सक्तीची केली गेली. नोंदणी करून बिले मान्यच न करणाऱ्या कंपनीला मात्र त्याने काही होत नाही. बिल नाकारण्याचे कारण ठराविक दिवसांत लेखी देण्याची सक्ती हवी. आणि दिवाळखोरीत, कारागिराची मजुरी ज्यात मिसळलेली आहे अशा लघुपुरवठादाराच्या देण्याला निदान काही रकमेपर्यंत कर्मचाऱ्यांच्या वेतनाशेजारी बसवावे. बँका याला विरोध करतील. पण तारणाची किंमत कर्ज देण्यापूर्वी मोजण्याची सवड आणि माणसे बँकेकडे असतात, लेथवाल्याकडे नसतात.

हे होईल तेव्हा होईल. तोवर लोधिवलीच्या धंदेवाल्याने दर मार्चअखेर आपल्या येण्याचे शिल्लकपत्र करून त्यावर खरेदीदाराची सही आणि शिक्का घ्यावा. मूळ तीन वर्षे संपण्यापूर्वी अशी लेखी कबुली मिळाली, तर 1963 च्या मुदत कायद्याच्या 18 व्या कलमाने दाव्याची मुदत त्या सहीच्या दिवसापासून पुन्हा मोजली जाते.